लायलचा पाय वर होता

मांडीपासून अंगठ्यापर्यंतच्या प्लास्टरचं वजन बारा पौंड भरतं.

आमच्या गावच्या हॉलची लाकडी जमीन दरवाजाकडे अडीच इंच उतरती आहे. मंचाजवळ गोटी ठेवली तर ती कुणाच्या मदतीशिवाय दारापर्यंत जाते.

डेल्फिया टीटरने सेहेचाळीस वर्षं एकच भिंत पाहिली. भिंत आधी हिरवी होती, मग पिवळी केली.

बँजोला तारा पाच. जिगला मात्रा सहा.

आमच्याकडे पुरुष टोपी काढतो ती चार प्रसंगी: प्रार्थनेला, राष्ट्रगीताला, अनोळखी बाईमाणसासमोर आणि मेलेल्या माणसाच्या नावाला. जेवताना काढावी की नाही याबद्दल दोन मतं आहेत.

वुडसन टीटरसाठी खणलेला खड्डा सहा फूट खोल होता, आणि त्यात आधी उतरला तो वुडसन नव्हता.

*

हे सगळं एकाच दुपारी येऊन मिळतं. जोडून देतो. सुटे तुकडे जोडून त्यांची योजना करणं हा माझा हातखंडा. बिअर ड्राफ्ट गावात काही अवघड करायचं असलं की लोक आधी एमेट सायझमोरकडे येतात. म्हणजे येत नाहीत, पण यायला हवं.

आमचा वाद्यमेळ चौघांचा. वुडसन टीटर फिडलवर, म्हणजे नाचाच्या व्हायोलिनवर. त्याच्या शेजारी लायल कोगर, दुसरी फिडल. गिटारवर जूनी, माझ्या बायकोची धाकटी बहीण. बँजोवर मी. शिवाय मंचाच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीला लावलेला पियानो आणि त्यावर वुडसनची बायको डेल्फियाकाकू. तिला आम्ही चौघांत धरत नव्हतो, कारण तिची पाठच दिसायची. गावातले तीन पिढ्यांचे लोक आमच्या वाजवण्यावर नाचले, आणि त्यांच्यातली काही लग्नं टिकलीही.

आम्ही वाजवतो त्या डोंगरातल्या जुन्या चाली. सगळ्या दोन-दोनच्या ठेक्यात, घोडा दुडक्या चालीने घरी येतो तशा. बँजोवर उजव्या हाताची नखं वरून खाली पडतात आणि अंगठा मागून येतो, तो हात दोन-दोनसाठीच घडलेला असतो. जिग मात्र सहाची, तीन आणि तीन, एका पायाने लंगडत आनंदाने पळावं तशी. आमच्या मेळात अशी एकच जिग होती. ‘ओलं सरपण’. वुडसन विशीत लाकूडतोडीच्या छावणीवर असताना उत्तरेकडच्या एका माणसाकडून शिकला होता. ती आली की मी बँजो मांडीवर आडवा ठेवायचो आणि जूनीच्या शेंगदाण्यांत हात घालायचो. ती वाजवायची वुडसनने आणि काकूने. बाकीच्यांनी बघायचं.

वुडसन सप्टेंबरात गेला. झोपेतच.

*

काकूने मला स्वयंपाकघरात बसवलं. घरभर खोकी बांधून ठेवलेली. पुढ्यात राजमा आणि मक्याचा पाव.

“सोमवारी नॉर्मा मला ॲक्रनला नेतेय,” ती म्हणाली. नॉर्मा तिची मुलगी, तिकडे शहरात राहणारी. “नोव्हेंबरात कमरेचा सांधा बदलणार. डॉक्टर म्हणतो, मग नाच विसरायचा.”

“मग विसरा की काकू. तुम्ही नाचलात कधी?”

“कधीच नाही. म्हणून आधी नाचते.”

मी पाव खाली ठेवला.

“‘ओलं सरपण’ वाजवायला बसले की माझ्यासमोर भिंत, एमेट. लोक नाचताहेत हे मला जमिनीतून कळायचं. वुडसन सांगायचा, डेल्फी, छावणीवरच्या त्या परक्या माणसाने ती इथे येऊन पहिल्यांदा वाजवली तेव्हा मी आपल्या हॉलच्या दारात उभा होतो. तिथे ती वेगळी ऐकू येते. तिथलं लाकूड बोलतं. सेहेचाळीस वर्षं हे ऐकतेय. मला मंचापासून दारापर्यंत जायचंय आणि तिथे उभं राहून ती ऐकायचीय.”

“एवढंच ना. दारात खुर्ची टाकतो.”

“नाचत जायचंय. खुर्चीत बसून म्हातारी ऐकते. आणि मी काय म्हातारी आहे?”

ती एकोणऐंशीची होती. मी म्हणालो, नाही.

ज्याला लांब रांगांचा नाच माहीत नाही त्याच्यासाठी एका ओळीत: जोड्या समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात, आणि चाल एकदा पूर्ण वाजली की वरची जोडी एक जागा खाली सरकते. अठरा जोड्या असल्या तर मंचाजवळची जोडी दारापाशी पोचायला चाल सतरा वेळा वाजावी लागते. मध्येच थांबलं तर माणूस असेल तिथे अडकतो.

सतरा वेळा. मी शब्द दिला.

*

आता लायलच्या पायाबद्दल.

शवपेटी उचलायला आम्ही सहाजण होतो. कबरस्तान टेकडीवर, आदल्या दिवशी पाऊस झालेला. लायल पुढच्या कडीला होता आणि उलटा चालत होता. खड्ड्याशी आल्यावर कुणीतरी हळूच सांगितलं की अजून एक पाऊल, मागे जागा आहे. लायलने पाऊल टाकलं. जागा होती, सहा फूट. पेटी आम्ही पाचजणांनी कशीबशी तोलली. पाद्री थांबला, त्याने खाली वाकून पाहिलं आणि पुढची ओळ वाचली, कारण पान उलटलेलं होतं. लायलला शिडीने वर काढलं. वर आल्यावर त्याने आधी टोपी मागितली, डोक्यावर घातली, आणि मग वुडसनसाठी काढली.

नडगी दोन ठिकाणी मोडली. मांडीपासून अंगठ्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टरने सांगितलं, पाय आडवा ठेवायचा, कायम.

“आवाज ओळखीचा होता,” लायल मला म्हणाला. “कोण म्हणालं असेल रे, मागे जागा आहे?”

“पाय खाजतो का?” मी विचारलं.

खाजत होता. त्याबद्दल तो अर्धा तास बोलला.

*

वुडसननंतर मुख्य फिडल लायलकडे आली, आणि आमच्या मेळाचा एकच नियम आहे. फिडलवाल्याने पाय उचलला की ही शेवटची फेरी. हात दोन्ही गुंतलेले, तोंडात तंबाखू, मग उरतो पाय. वुडसन उजवा पाय असा सावकाश पुढे करायचा, जणू कुणी त्याचा बूट काढणार आहे. मग सगळे फेरी संपवून एका ठोक्यावर थांबणार. तीस वर्षांत आम्ही दुसरीकडे पाहिलंच नाही. जूनीचा नवरा एकदा नवीन चष्मा घालून आला, ते तिला चार महिन्यांनी कळलं, पण वुडसनच्या बुटाची नाडी सुटली की ताबडतोब.

पहिला सराव लायलच्या बैठकीत. लायल खुर्चीत, पाय समोर स्टुलावर आडवा, टोकाला बहिणीने विणलेला लाल मोजा. चाल सुरू केली. एक फेरी झाली, मी आणि जूनी थांबलो.

“काय झालं?” लायल म्हणाला.

“पाय वर केलास.”

“पाय वरच आहे.”

“हो की.”

पुन्हा सुरू केली. एक फेरी, थांबलो. मी मनाला बजावलं होतं. मनाने हाताला सांगितलं नव्हतं. पाचव्यांदा लायलने गज खाली ठेवला.

“माझ्याकडे बघू नका.”

“मग कुणाकडे बघू?” जूनी म्हणाली. “भावोजींकडे? त्यांना बघून मी लग्नाच्या वरातीतही चुकले होते.”

जूनीने तेव्हाच मला बाजूला घेऊन एक गोष्ट सुचवली. “भावोजी, तुम्ही नाही वाजवलंत तरी चालेल हं.”

“पियानो नाही. ठेका कोण देणार?”

“मी देईन.”

“एकटीच?”

“एकटी बरी पडेन.”

मी तो विनय समजलो. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी गोठ्यात सहा मात्रांचा सराव केला. आमच्या गाईने त्या दिवसांत दूध कमी केलं, पण हवाही बदलत होती.

आणि मी योजना आखली. एक: लायलच्या पायावर गोधडी टाकायची, म्हणजे पाय दिसणार नाही. दोन: खूण बदलायची. लायलच्या डोक्यावर नेहमी काळी फेल्ट टोपी असते. टोपी निघाली की शेवटची फेरी.

“आणि काढू कशी?” लायल म्हणाला. “दात लावून?”

त्याचाही विचार मी केला होता. नाचाचा पुकारा देणारा हॉबर्ट नॉटिंगहॅम मंचावर लायलच्या शेजारीच उभा असतो. कुणी कुणाचा हात धरायचा, कुठे वळायचं ते तो माईकवर सांगतो, आणि त्याचा एक हात मोकळा असतो. काकू दारापाशी पोचली की हॉबर्टने लायलची टोपी उचलायची. संपलं.

हॉबर्ट हा सभ्य माणूस. तो म्हणाला, “उचलतो की.”

या वाक्यात काही धोका असेल असं कुणालाही वाटलं नसतं.

*

जागा पहिली

अकरा ऑक्टोबर, शनिवार, दुपारचे तीन. काकू थकू नये म्हणून दुपार. अठरा जोड्या उभ्या राहिल्या. भिंतीपाशी टेबलावर सफरचंदाचे पाय, म्हणजे खायचे, आणि सॉसेज भरलेले पाव झाकून ठेवलेले. काकूने निळा पोशाख घातला होता आणि वुडसनचे मोजे. जोडीला नॉर्मा, चर्चचे टाचांचे बूट घालून, चेहऱ्यावर दवाखान्याच्या बाकावरचा भाव.

“आई, दुखलं की सांगायचं.”

“दुखतंच आहे. हात धर.”

पियानोचं झाकण बंद होतं. त्यावर कुणीतरी फुलं ठेवली होती, कुणीतरी कॉफीचा कप.

सुरुवात झाली. मी सहा मोजत होतो. तीन-तीन, तीन-तीन. लायल वाजवत होता, आणि खरं सांगतो, वुडसन खुर्ची बदलून बसलाय असं वाटलं. गोधडीखाली लायलचा पाय, शेजारी चांगल्या पायाचा ठेका. चांगला पाय जमिनीवर पडायचा तशी खुर्ची हलायची, खुर्चीबरोबर स्टूल, स्टुलाबरोबर गोधडी. गोधडी सॅटिनच्या अस्तराची होती. ती माझ्या बायकोने निवडली होती, हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाहीये.

दुसऱ्या फेरीच्या मध्यावर ती इंचाइंचाने घसरली आणि खाली बसली. लाल मोजा वर.

फेरी संपली. मी आणि जूनी एका ठोक्यावर, स्वच्छ थांबलो. तीस वर्षांत इतकं सुबक थांबलो नव्हतो.

जागा तिसरी

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाच झाला असं समजून दोघंतिघं खाण्याच्या टेबलाकडे निघाली. काकू तिसऱ्या जागेवर उभी होती.

“संपली?” ती म्हणाली.

“नाही काकू, गोधडी पडली.”

“कुणाची?”

जूनी गोधडी उचलून कपड्यांच्या चिमट्यांनी स्टुलाला अडकवत होती. लायल म्हणाला, “मी थांबलो नव्हतो.”

“तू थांबला नव्हतास हे आम्ही थांबल्यावर कळलं,” जूनी म्हणाली.

हॉबर्टने माईकवर सगळ्यांना परत जागेवर बोलावलं. नॉर्मा आईच्या कानाला लागली. काकूने मान हलवली, नाही अशी. पुन्हा सुरू.

फेरी, फेरी, फेरी. काकू चौथ्या जागेवर, पाचव्या, सहाव्या. वळताना ती नॉर्माचा खांदा धरत होती, पण पाय बरोबर पडत होते. सेहेचाळीस वर्षं जमिनीतून ऐकलेला नाच तिला पाठ होता. समोरून येणारे लोक तिला पाहून आपोआप सावकाश वळत होते. गावात एवढी शिस्त मी मतदानालाही पाहिली नाही.

हे पाहून हॉबर्टचा ऊर भरून आला. त्याने माईक तोंडाशी घेतला. वाजवणं चालू, नाच चालू, आणि तो म्हणाला, “मंडळी, ही वुडसन टीटरची चाल आहे.”

हॉलमधल्या झाडून सगळ्या पुरुषांनी नाचता नाचता टोप्या काढल्या. हॉबर्टने आपली काढली. मग त्याने शेजारी पाहिलं. मेलेल्या मित्राचं नाव घेतलं गेलं आणि लायल कोगर टोपी घालून बसलाय. बिचाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. सभ्य माणसाने काय करावं?

हॉबर्टने लायलची टोपी उचलली आणि स्वतःच्या छातीशी धरली.

फेरी संपली. आम्ही थांबलो.

जागा सातवी

“मी वुडसनसाठी काढली,” हॉबर्ट म्हणाला. माईक चालू होता, त्यामुळे हे सगळ्यांना ऐकू आलं.

“वुडसनला काय करायचीय? ती खुणेची टोपी आहे,” जूनी म्हणाली. हेही ऐकू आलं.

“मग काय मी त्याला तसाच बसू देऊ?”

“मला परत घाला,” लायल म्हणाला. “डोक्याला वारा लागतोय.”

खाली काकू एका पायावर भार देऊन उभी होती. कुणीतरी खुर्ची आणली. तिने खुर्चीकडे असं पाहिलं की खुर्ची परत गेली.

“आई, बास,” नॉर्मा म्हणाली. “ऐकलीस ना? इथूनही ऐकू येते.”

“इथून तशीच येते. बसले की उठणार नाही, नॉर्मा. एमेट, तुझी योजना आहे ना ही?”

“हो, काकू.”

“मग दुसरी आखून ठेव.”

ठेवली नव्हती, पण मी मंचाच्या कडेला आलो आणि तिथल्या तिथे आखली. पाय नाही, टोपी नाही. आता मी आणि जूनी फक्त काकूकडे बघणार. काकू दारापाशी पोचली की तिने रुमाल वर करायचा. तोवर छत पडलं तरी वाजवायचं.

इतकी साधी योजना की तिच्यात चूक घुसायला फटच नव्हती. फट माझ्यात होती. गोठ्यात मी सहा मात्रा शिकलो त्या लायलच्या गजाकडे पाहायचं असं धरून. आता नजर काकूवर. आठवी जागा गेली. नववी गेली. नवव्या जागेनंतर काकू हसली, आणि मला इतकं बरं वाटलं की हात मोकळा झाला. मोकळा हात आपल्या घरी गेला. दोन-दोन.

मला कळलं नाही. जूनी माझ्या शेजारी, तिने ठेका सोडायला नको म्हणून माझा धरला. दोघं मिळून एवढे जोरात की लायलची जिग आमच्या घोड्यावर उलटी टांगली गेली आणि मग तोही नाइलाजाने आला. लोक पाय आपटू लागले. हॉल दणाणला. मला वाटलं, काय रंगलंय.

बाराव्या जागेवर रुमाल वर झाला.

आम्ही थांबलो. मी मोजलं. अजून सहा जागा बाकी होत्या.

“एमेट,” काकू म्हणाली. मोठ्याने नाही. “ही ती नाही.”

जागा बारावी

जूनीने माझ्याकडे पाहिलंही नाही, हे तिचे उपकार.

काकूच्या कपाळावर घाम होता. नॉर्माने आता तिला कमरेभोवती धरलं होतं आणि स्वतःचे टाचांचे बूट भिंतीपाशी काढून ठेवले होते. कधी काढले, मी पाहिलं नाही.

“आई, किती राहिल्यात?”

“सहा.”

“जमतील?”

“सहा जमतील. सातवी विचारू नकोस.” मग मंचाकडे वळून, “लायल, तू वाजव. कोण काय करतंय ते बघू नकोस.”

“मी डोळेच मिटतो, काकू,” लायल म्हणाला. आणि मिटले.

आम्ही सुरू केलं. या वेळी मी गजाकडे पाहत होतो, श्वास धरून, तीन-तीन, तीन-तीन. तेरावी. काकू आता नाचत होती की नॉर्मा तिला नाचवत होती हे सांगता आलं नसतं. चौदावी.

सुरुवातीला मी जमिनीच्या उताराचं सांगितलं. मंचही त्याच जमिनीवर उभा आहे. चार सुरुवाती आणि एवढ्या सगळ्या फेऱ्या लायलच्या चांगल्या पायाने ठेका धरला होता, आणि दर ठोक्याला स्टूल केसभर दाराच्या दिशेने निघालं होतं. ते आता मंचाच्या कडेशी आलं होतं. पुढच्या ठोक्याला ते गेलं. चिमट्यांसकट, गोधडीसकट. बारा पौंडांची टाच फळ्यांवर पडली आणि खिडक्यांच्या काचा वाजल्या.

लायलच्या तोंडाचा रंग गेला. आणि कळ आली तसा त्याने पाय झटकन वर उचलला.

आता बघा. त्या दुपारी तो पाय पहिल्यांदा खाली होता आणि पहिल्यांदा खरोखर वर गेला. सावकाश नाही, पण रीतसर. बजावलेलं सगळं विसरून मी आणि जूनी फेरीच्या शेवटी एका ठोक्यावर थांबलो.

लायल थांबला नाही. त्याचे डोळे मिटलेले. आम्ही थांबलोय हे त्याला कळलं असेल किंवा नसेल. तो पुढच्या फेरीत गेला, एकटा. पाय वर धरवेना म्हणून प्लास्टरची टाच खाली आली. परत वर गेली. परत खाली. दर तीन मात्रांनी एकदा, जड आणि पोकळ, फळ्यांतून.

जूनीने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी बँजो मांडीवर आडवा ठेवला.

तो ठोका मला माहीत होता. तीस वर्षं शेंगदाणे खाताना ऐकला होता. पियानोवरचा काकूचा डावा हात.

खाली नाचणारे थांबले नव्हते. कुणी पाय आपटत नव्हतं, बूट फक्त सरकत होते. पंधरावी. सोळावी. हॉबर्ट पुकारा द्यायचा विसरला आणि कुणालाच त्याची गरज पडली नाही. सतरावी. काकूने खालच्या जोडीचे हात धरले, सोडले, आणि ती शेवटी निघाली. अठरावी जागा. पाठीमागे दार.

ती वळली. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि हॉलकडे तोंड केलं. रुमाल तिच्या मुठीत होता. तो तिने वर केला नाही.

मग हळूहळू सगळ्यांनी नाच थांबवला. लायल वाजवत राहिला, एक फेरी, दुसरी, तिसरी. त्याला थांबवणार कोण? पाय त्याचाच वरखाली होत होता, टोपी डोक्यावर, रुमाल मुठीत. आमच्याकडच्या सगळ्या खुणा संपल्या होत्या.

चौथ्या फेरीत तंबाखूचा ठसका लागून त्याने डोळे उघडले.

“तुम्ही कधी थांबलात?” तो म्हणाला.

*

खाण्याच्या वेळी काकू खुर्चीत बसली. नॉर्मा तिच्या पायाशी अनवाणी. मी ताट घेऊन जवळ गेलो.

“काकू, ऐकू आली?”

“आली.”

“वुडसन म्हणायचा तशी?”

तिने ताटात चमचा फिरवला. “लाकूड बोलतं म्हणायचा. मला वाटायचं, फिडलचं. जमिनीचं म्हणायचा तो.” मग माझ्याकडे पाहून, “फार छान झालं, एमेट.”

“तीन आठवडे सराव केला, काकू. रोज.”

“ते कळलं,” ती म्हणाली. “तू बँजो खाली ठेवलास आणि सगळं कळलं.”

जूनी शेजारीच होती. तिने मला शेंगदाणे पुढे केले.

लायलचं प्लास्टर टाचेपाशी तडकलं होतं. डॉक्टरने नवीन घातलं, नाताळपर्यंतचं. सोमवारी काकू ॲक्रनला गेली. जाताना गाडीच्या मागच्या काचेतून ती हॉलकडे पाहत होती, असं नॉर्माने नंतर पत्रात लिहिलं. लायलला मी रोज संध्याकाळी भेटायला जात असे, आणि तो रोज विचारत असे, की कोण म्हणालं असेल. मी त्याच्यासाठी मक्याचा पाव नेत असे.

शवपेटीच्या मागच्या डाव्या कडीला मी होतो. “अजून एक पाऊल, मागे जागा आहे,” असं मी म्हणालो.